गावातल्या पहिल्या महायुद्धाच्या पाटीची निगा आणि मानवंदना

सातारा, रत्नागिरी, रायगडकडच्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते: या गावातून १९१४-१९च्या महायुद्धात इतके गेले, पैकी इतके कामी आले. आकडा आहे, नावे नाहीत. म्हणून नुसता हार घालून भागत नाही.

पाटी आठवडाभर आधी धुवा. साधे पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश, खालून वर. वरून सुरुवात केली तर कोरड्या दगडावर ओघळ उठतात. शेवाळ दहा मिनिटे भिजवून बांबूच्या काडीने काढा. ॲसिड, लिंबू, चिंच अजिबात नको. पाटी चकाकते खरी, पण आंबटाने संगमरवर विरघळतो आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. अक्षरांत ऑइलपेंट भरण्याची हौस तर त्याहून वाईट: हात हलला की ३चा ८ होतो. कडेच्या भेगा चुन्याने भरा. सिमेंटने कोंडलेली ओल दगडातून वाट काढते आणि क्षारांमुळे पृष्ठभाग सुटू लागतो.

अक्षरे झिजली असतील तर रात्री टॉर्च पाटीलगत धरून बाजूने उजेड पाडा. सावलीने अक्षर उठते. तेव्हाच फोटो घ्या.

आता नावे. राष्ट्रकुल देशांच्या युद्धमृतांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (Commonwealth War Graves Commission) संकेतस्थळावर शोध फुकट आहे. आडनावाऐवजी आधी गाव टाका, तेही जुन्या इंग्रजी स्पेलिंगने. रायगडसाठी ‘कुलाबा’, सिंधुदुर्गसाठी ‘रत्नागिरी’; हे बदल १९८१चे. पवार तिथे ‘पोवार’ही असतात. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढल्या, त्यामुळे तिथल्या बसरा स्मारकाची नोंद आधी बघा. त्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावे कोरलेलीच नाहीत. ती आयोगाच्या यादीतच सापडतात. एकाच नावाचे दोघे निघाले तर वडिलांच्या नावावरून ताडा आणि भावकीत विचारून घ्या.

दिवस ११ नोव्हेंबर बरा. १९१८ची युद्धबंदी त्याच दिवशीची, शिवाय पाऊसही संपलेला असतो. पुढची रांग वीरमाता-वीरपत्नींची, पुढाऱ्यांची नव्हे. पुष्पचक्र, मग नामवाचन: हुद्दा, नाव, वडिलांचे नाव, वाडी. त्यानंतर बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही निरोपाची धून, दोन मिनिटे स्तब्धता, ‘राऊज’ ही जागवण्याची धून, राष्ट्रगीत. बिगुलवाला नसेल तर रेकॉर्डिंग चालते, पण तो मोबाइल एरोप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर नेमका स्तब्धतेत फोन वाजतो. अनावरणासाठी पाटीवर राष्ट्रध्वज घालू नका, ध्वजसंहितेत मनाई आहे. साधे कापड वापरा.

पुष्पचक्र पाटीवर टांगू नका, खाली टेकवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. त्यातली लोखंडी तार गंजली की तांबडा डाग दगडात मुरतो, आणि तो पाण्याने निघत नाही.