एस्तेरपासून सुरुवात करू नका

पोरींनो, पुरीमला, म्हणजे आपल्या ज्यू सणाला, मुकुट घालून आपण बायबलमधल्या एस्तेर राणीला इतकं गोड करून टाकलंय की तिची भीतीच दिसत नाही. ती नंतर घ्या.

मी मुलींना आधी बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा 27वा अध्याय उघडायला लावते. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा: सलाफहादच्या पाच मुली. भाऊ नाही, म्हणून बापाचं वतन जाणार. त्या मोशेसमोर, सगळ्या मंडळीदेखत उभ्या राहून हक्क मागतात. रडत नाहीत, मुद्दा मांडतात. देव म्हणतो, त्यांचं बरोबर आहे. त्यांचं म्हणणं वहीत उतरवा. मग तुम्हाला घरी किंवा कामावर जे मागायचंय, ते तितक्याच वाक्यांत लिहा. पगारवाढ मागताना मला हेच उपयोगी पडलं. 36वा अध्यायही वाचा. लग्न आपल्याच वंशात करायची अट तिथे येते, ती लपवू नका.

मग हन्ना, 1 शमुवेल 1. ती प्रार्थना करते: ओठ हलतात, आवाज नाही. एली याजकाला वाटतं, प्यायलीय. ती शांतपणे त्याची चूक दाखवते. अमिदा, ही आपली उभ्याने म्हणायची प्रार्थना, हळू म्हणताना मला तीच आठवते.

न्याय करणारी दबोरा पुढच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी. शास्ते 4 आणि 5, दोन्ही वाचून या.