प्लाझ्मा टीव्हीचा काळा रंग करडा दिसतोय? या चुका टाळा

"पूर्वी अंधारात टीव्ही चालू आहे की बंद, कळायचं नाही हो. आता पडदा राखेसारखा दिसतो." प्लाझ्मावाल्यांची ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकतोय. तक्रार खरी असते. पण माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येण्याआधी बहुतेकांनी संचाशी काहीतरी करून ठेवलेलं असतं.

सगळ्यांत जास्त खटकतं ते ब्राइटनेस उतरवणं. प्लाझ्माच्या प्रत्येक पेशीत, म्हणजे पडद्यातल्या ठिपक्याएवढ्या कप्प्यात, निऑन-झेनॉन वायू असतो. ती पेशी वेळेवर पेटावी म्हणून संच तिला सतत हलका डिस्चार्ज (वायूतून जाणारा विजेचा छोटा झटका) देत असतो, आणि त्याचा अंधुक उजेड हाच तुमचा 'काळा'. वापराने पेशीतलं मटेरियल बदलतं, ते भरून काढायला संच आतलं व्होल्टेज वाढवतो, आणि तो उजेडही वाढतो. पॅनासॉनिकने २०१० मध्येच हे सांगितलं होतं: ठरावीक तासांनी व्होल्टेज आपोआप बदलतं, काही वर्षांनी फरक स्थिरावतो. ब्राइटनेस या डिस्चार्जपर्यंत पोचतच नाही, ते फक्त चित्राचा सिग्नल खाली ओढतं. मग करडेपणा जागेवर राहतो आणि सावलीतला चेहरा, काळ्या कोटाच्या घड्या, रात्रीच्या आभाळातले ढग मात्र जातात.

दुसरी चूक धोक्याची आहे. मागच्या पावसाळ्यात एक काका ५० इंची संच घेऊन आले. पुतण्याने व्हिडिओ पाहून मागचं झाकण काढलं होतं आणि व्होल्टेज कमी करायला प्रीसेट, म्हणजे बोर्डावरचे जुळवणीचे छोटे स्क्रू, फिरवले होते. पाच मिनिटं काळा खरंच सुधारला म्हणे. माझ्याकडे आला तेव्हा अंधाऱ्या दृश्यात लाल ठिपके मुंग्यांसारखे वळवळत होते, कारण पेशी धड पेटतच नव्हत्या. पॅनलच्या पाठीवर स्टिकर असतो, त्यावर त्याच पॅनलचे व्होल्टेजचे आकडे छापलेले असतात. संच गरम होऊ दिला, मल्टिमीटर लावून एकेक आकडा जुळवला, तेव्हा ठिपके गेले. करडेपणा होता तितकाच परत आला. काकांना म्हटलं, "याला आता हात लावू देऊ नका." आत २०० व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. ज्याला हे काम येत नाही त्याने ते झाकण उघडूच नये.

स्टॅबिलायझर घेऊन काळा सुधारत नाही. हे व्होल्टेज संच आतच तयार करतो, भिंतीतल्या प्लगशी त्याचा संबंध नाही.

पूर्ण काळा पडदा लावून तपासू नका. काही संच अशा वेळी पेशी विझवूनच टाकतात आणि तुमची फसगत होते.

मी काय करतो ते सांगतो. पेनड्राइव्हवर एक फोटो ठेवलाय: सगळा काळा, मध्ये छोटा पांढरा चौकोन. रात्री दिवे बंद करून दहा मिनिटं बसतो, डोळे अंधाराला सरावले की मगच कडा बघतो. फोटोतही करडं दिसलं तर ते पॅनल. फक्त सेटटॉप बॉक्स किंवा प्लेअरवर दिसलं तर पॅनलचा दोष नाही. बॉक्स काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६ ते २३५ ची रेंज पाठवत असतो आणि टीव्ही ० ते २५५ धरून बसलेला असतो, म्हणून बॉक्सचा काळा त्याला करडा वाटतो. दोन्हीकडे एकच रेंज निवडा, काम झालं. कितीतरी संच याच कारणाने 'बिघडले' म्हणून माझ्याकडे आलेत.

पॅनल खरंच करडं झालं असेल तर नवीन पॅनलच्या मागे लागू नका. पॅनासॉनिकने २०१३ अखेर आणि सॅमसंग-एलजीने २०१४ मध्ये उत्पादन बंद केलं. टीव्हीच्या मागे, भिंतीवर उजेड पडेल असा एक मंद दिवा लावा. डोळ्याला काळा लगेच गडद वाटतो. त्या काकांकडे मी तोच लावून दिला, झिरोचा बल्ब.