एम्प्रेस गार्डनमध्ये ऑर्किड टिपताना

जानेवारीत पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला फोटो काढायला जाणार असाल, तर दार उघडताच आत शिरा. दहानंतर गर्दीचे धक्के लागतात आणि ट्रायपॉडला जागा उरत नाही, एकाच पायाचा मोनोपॉड बरा.

९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून फोटो घेणारी लेन्स, घ्या. ५० मिमीने फुलाच्या इतकं जवळ जावं लागतं की तुमचीच सावली पाकळीवर पडते. फुलाच्या खऱ्या आकाराइतकी प्रतिमा घेताना फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ/११ इतकं लहान छिद्र ठेवूनही जेमतेम दीड मिलीमीटर भाग स्पष्ट येतो. म्हणून फोकस ऑर्किडच्या मधल्या स्तंभावर आणि ओठासारख्या पाकळीच्या कडेवर धरा. मागच्या पाकळ्या धूसर झाल्या तरी चालतात. सेन्सर फुलाच्या दर्शनी बाजूला समांतर ठेवला, तर फॅलेनॉप्सिस या ऑर्किडसारखं पसरट फूल बरंचसं स्पष्ट येतं.

शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ नको, कारण लांब दांडा माणसं नुसती बाजूने गेली तरी डुलतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता, १६०० पर्यंत बिनधास्त वाढवा. फोटोत थोडे दाणे आले तर चालतील, हललेला फोटो नाही.

हिरव्या शेडनेटखाली पांढरी फुलं हिरवट दिसतात. तिथेच पांढरा कागद धरून कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स सेट करा, म्हणजे पांढरा रंग पांढराच येतो. अँथुरियमची मेणचट चकाकी लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर फिरवून कमी होते, पण एक-दीड स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश). मागे नावाची पाटी येत असेल, तर काळा कार्डबोर्ड हातभर अंतरावर धरायला सोबत्याला सांगा. कुंडी मात्र हलवू नका, स्पर्धेतली असते.