लोभी योद्ध्यांचा संघ बनवायचाय? आधी त्यांच्या डोक्यावर कर्ज चढवा

डार्क साय-फायसाठी असा संघ बनवायला बसलं की बहुतेक जण चिलखतापासून सुरुवात करतात. सोनेरी रंग, कवट्या, एखादी जबरदस्त घोषणा, आणि मग "हे लोक पैशासाठी काहीही करतात" असं एका ओळीत सांगून मोकळे. मला हे अजिबात पटत नाही, कारण नुसती हाव दोन पानांत शिळी होते. पैसा त्यांना नेमका कशाला लागतो आणि तो नाही मिळाला तर काय होतं, हे पहिल्यांदा ठरवा.

मी काय करेन सांगतो. भरती झालेल्या पोराला संघ नवी फुफ्फुसं देतो, धातूची हाडं देतो, अंधारात दिसणारे डोळे देतो, आणि हे सगळं उधारीवर. त्याच्या अंगात बसवलंय तेच मुद्दल, वर चक्रवाढ व्याज. हप्ते थकले की एक डोळा परत काढून घेतात. मेला तर चिलखत दुसऱ्याला मिळतं आणि त्याबरोबर मेलेल्याची बाकीसुद्धा. आता हा माणूस लुटायला का जातो हे वाचकाला वेगळं समजवावं लागत नाही.

इतिहास जरूर चाळा, त्यात भरपूर माल आहे. टेम्पलर नाइट्स, म्हणजे ख्रिस्ती लढवय्ये साधू, साधारण १११९ मध्ये जेरुसलेमच्या यात्रेकरूंच्या रक्षणासाठी उभे राहिले, प्रत्येकाने गरिबीची शपथ घेतलेली, पण संघ मात्र गडगंज, कारण देणग्या यायच्या, पोपने करमाफी दिलेली, आणि यात्रेकरू एकीकडे पैसे भरून हुंडीसारख्या कागदावर दुसरीकडे उचलायचे. फ्रान्सचा राजा चौथा फिलिपच त्यांचा कर्जदार होता, त्यानेच १३ ऑक्टोबर १३०७ ला त्यांची धरपकड केली आणि १३१२ मध्ये पोपने संघ बरखास्त केला. यातून दोन गोष्टी उचला: माणूस कफल्लक पण संघ श्रीमंत, आणि सगळ्यात मोठा कर्जदार हाच सगळ्यात मोठा शत्रू.

पगार थकला की काय होतं तेही बघा. कॅटलान कंपनी नावाची भाडोत्री फौज होती, अथेन्सच्या ड्यूकने त्यांना कामाला लावलं आणि पैसे बुडवले, तर १३११ मध्ये त्यांनी त्यालाच लढाईत मारून त्याचं राज्य घेतलं. १५७६ मध्ये पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी अँटवर्प शहर लुटलं. तुमच्या कथेत कुठल्यातरी ग्रहाच्या राज्यपालाने असाच हप्ता बुडवलेला असू द्या, प्लॉट आपोआप पुढे सरकेल.

धर्म, पदं, झेंडा हे सगळं मग त्या हिशोबातूनच काढा. पुजारी म्हणजे कारकून, प्रार्थना म्हणजे थकबाकीचं वाचन, सर्वात मोठं पाप म्हणजे खोटी नोंद. शस्त्रांवर फार वेळ घालवू नका, एवढंच बघा की एक गोळी किती महाग आहे हे प्रत्येकाला माहीत असतं, म्हणून ते हवेत कधीच गोळीबार करत नाहीत. आणि एक गोष्ट अशी ठेवाच जी ते कुठल्याही किमतीला विकत नाहीत. मी मेलेल्यांची वही ठेवली असती. त्या एका गोष्टीमुळे वाचकाला त्यांच्याबद्दल काहीतरी वाटायला लागतं, नाहीतर ते नुसते दरोडेखोर.

हे सगळं झालं की एक छोटा सीन लिहून बघा, संघ जमलाय की नाही ते तिथेच कळतं. लढाई संपलीये, राख पडतेय, कारकून गुडघ्यावर बसून मेलेल्या पोराच्या छातीतून फुफ्फुसं सोडवतोय, एकेक स्क्रू मोजून डबीत टाकतोय. शेजारी त्या पोराचा मित्र उभा आहे. तो विचारतो, "किती राहिले होते त्याचे?" कारकून आकडा सांगतो. मित्र थोडा वेळ गप्प राहतो आणि म्हणतो, "माझ्या नावावर घाला."