पुळणीवरचा खेळ तिसऱ्या आठवड्यात का मोडतो? या चुका टाळा

कापणी-झोडणी उरकली की वाडीवाडीत व्हॉलीबॉलचं नेट बांधलं जातं. पहिल्या आठवड्यात पंधरा जण, तिसऱ्यात चार. मग "लोकांना आवडच नाही" म्हणून नेट गुंडाळतात. आवड असते, घोळ आखणीत असतो.

पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, खेळणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे घड्याळ धरून बसणं. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. जुन्या मंडळींचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे ऐन संध्याकाळी पाणी वर आणि खेळायला नुसती भुसभुशीत कोरडी वाळू. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास त्याच वेळी ओहोटी, पायाखाली ओली घट्ट पुळण. आमचे लोक गळाले ते अष्टमीच्याच आठवड्यात. दोनदा खेळायला जागा मिळाली नाही की तिसऱ्यांदा माणूस घराबाहेर पडत नाही. आता आम्ही पंचांग बघून महिन्याचे दिवस ठरवतो, बाकीचे दिवस शाळेच्या मैदानात.

दुसरी चूक मला जास्त लागते. नेटपाशी कायम तेच दोन-तीन तगडे, बाकीचे मागे बॉल आणून द्यायला. आमच्याकडे पन्नाशीतले एक काका महिनाभर मागच्या कोपऱ्यातच उभे असायचे. मग आम्ही नियमाप्रमाणे फिरायला लागलो. सर्व्हिस परत मिळाली की सहाही जण एकेक जागा घड्याळाच्या दिशेने सरकणार. काका नेटपाशी आले, उंच आलेला बॉल बोटांच्या टोकांनी हळूच पलीकडे ढकलला आणि पॉइंट मिळाला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तेच हजर. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे मानसशास्त्रज्ञ हेच मांडतात: आपल्या मर्जीने करतोय, आपल्याला जमतंय आणि आपली माणसं सोबत आहेत असं वाटलं की माणूस टिकतो. बायकांनाही कडेला बसवू नका, त्यांनाही संघात घ्या.

"वजन कमी करायला चल" असं बोलावणं तर नकोच. काटा लवकर हलत नाही आणि मन खट्टू होतं. "आज एक माणूस कमी पडतोय, ये रे" म्हणा, तो येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय. ५० मिनिटांच्या तीन संध्याकाळी धरल्या तरी १५० भरतात.

पहिल्याच दिवशी तासभर अनवाणी कोरड्या वाळूत धावू नका, पोटऱ्या धरतात. बीपी, शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.

आणि मे महिन्यात चाकरमानी आले म्हणून संघ त्यांच्यावर उभा करू नका. ते परततात, पाठोपाठ पाऊस येतो. समाजमंदिरात मऊ बॉलने थ्रोबॉल छान होतो. त्याची चावी कुणाकडे असते ते पहिल्या सरीआधीच विचारून ठेवा.