बागेत गेलात, फुलांचे फोटो काढले, झालं संशोधन? या चुका टाळा

फॅशन डिझाइनच्या प्रोजेक्टला ‘शहरातली बाग’ हा विषय मिळाला की जळगावची मुलं भाऊंच्या उद्यानाकडे नाहीतर मेहरूण तलावाकडे गाड्या वळवतात. तासाभरात फोन भरतो. शेवटी निघतं काय, तर गुलमोहराची फुलं छापलेला कुर्ता. तो फुले मार्केटात आधीच टांगलेला असतो.

झाडं बघितली, माणसं राहिली

मला ही सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. सकाळी सहाला तलावाकाठी फिरणाऱ्या मावश्यांकडे बघा. साडीखाली स्पोर्ट शूज, थंडीत वरून मुलाचं जुनं जॅकेट. पायात येऊ नये म्हणून साडी जरा वर नेसलेली. खिसा नाही, म्हणून मोबाइल आणि किल्ली हातातच. साडीची ठेवण न बिघडवता खिसा कुठे देता येईल, हा प्रश्न इथेच मिळतो.

मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की दुपारी बाग ओस पडते. तेव्हा गेटवर थांबा. स्कूटीवरून येणाऱ्या मुलींनी तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला असतो, नुसते डोळे दिसतात. गाठ कुठे बसते, टोक कुठे खोचतात, मानेवर किती पदर येतात, हे स्केचबुकात काढा. कॉलर किंवा हूडचा आकार यातून सुचेल. फोटो काढायचा तर आधी विचारा. चोरून काढलेला फोटो मूडबोर्डवर, म्हणजे फोटो, रंग, कापडाचे तुकडे एकत्र लावतो त्या फळ्यावर, लावू नका.

रंग फोनवरून उचलला

फोनचा कॅमेरा सकाळचा पिवळसर उजेड आपोआप ‘दुरुस्त’ करतो आणि छटा बदलून जाते. त्यापेक्षा मॅचिंग सेंटरमधून कापडाचे छोटे तुकडे आणि दोऱ्याची काही रिळं घेऊन जा, पानाशेजारी धरा आणि जुळेल ते वहीत चिकटवा. फोटो काढायचाच असेल तर चौकटीत पांढरा कागद ठेवा, म्हणजे नंतर रंग जुळवता येतो.

फूल बघितलं, पण उघडून नाही

बोगनवेलीचा रंगीत भाग पाकळ्यांचा नसतोच. ती कागदासारखी पातळ पानं असतात, सहसा तीन, आणि खरी फुलं म्हणजे आतल्या बारीक फिकट नळ्या. ऑर्गन्झाच्या (पातळ, पारदर्शक कापडाच्या) थरांत लपवलेलं छोटं भरतकाम सुचायला एवढं पुरे. गुलमोहराची वाळलेली शेंग फोडून बघा: आडव्या कप्प्यांत एकेक बी. क्विल्टिंगच्या, म्हणजे गोधडीसारख्या शिवणीच्या, ओळी याहून सरळ कुठे मिळणार? कडुलिंबाच्या सालीवर कागद धरून मेणखडू घासा, टेक्स्चर उतरतं. झाडाला इजा नाही, वॉचमनची बोलणीही नाहीत.

एकाच मोसमात उरकलं

सबमिशन डिसेंबरात असेल तर गुलमोहर फुललेला मिळणार नाही. नेटवरून फुलं उचलू नका. लटकलेल्या काळ्या शेंगा आणि मेहरूणची बोरं, जे समोर आहे तेच घ्या. पिंपळाची तांबूस पालवी हवी असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा चक्कर मारावी लागेल.

मूडबोर्ड झाला, डिझाइन सुचत नाही

बहुतेक वेळा बोर्डवर गर्दी झालेली असते. एकच निरीक्षण ठेवा, समजा स्कार्फची गाठ, आणि मांजरपाटाचा तुकडा घेऊन ती डमीवर, म्हणजे कपडे चढवायच्या पुतळ्यावर, बांधून बघा. टाचण्या लावा, चारही बाजूंनी फोटो काढा, सोडा, पुन्हा बांधा. ज्यूरीने, म्हणजे प्रोजेक्ट तपासणाऱ्या परीक्षकांनी, ‘यात बाग कुठे आहे?’ विचारलं तर हे फोटो आणि गेटवरची स्केचेस शेजारी मांडा.