इलेक्ट्रिक टूथब्रश: कोणता घ्यावा आणि हात कसा आवरावा

इलेक्ट्रिक टूथब्रश घेणारे बरेच लोक तो साध्या ब्रशसारखाच वापरतात. बटण दाबतात आणि वर आपला हातही खसाखसा चालवतात. सहा महिन्यांनी म्हणतात, "काही फरक नाही हो, उगाच पैसे घातले." आमच्या नात्यात नाहीतर सोसायटीत कुणी असा ब्रश घेतला की तो दाखवून द्यायचं काम फिरून माझ्याकडेच येतं, आणि दरवेळी गाडी याच ठिकाणी अडते. म्हणून खरेदीचं थोडक्यात आटपतो आणि हाताबद्दल सविस्तर सांगतो.

घ्यायचाच का?

मऊ ब्रशने दोन मिनिटं, हलक्या हाताने, प्रत्येक दाताच्या आतून-बाहेरून जाणारे असाल तर पैसे वाचवा. अशी माणसं फार नाहीत. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ साली ५६ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. त्यात तीन महिन्यांहून जास्त काळ इलेक्ट्रिक ब्रश वापरणाऱ्यांच्या दातांवरचा चिकट थर साध्या ब्रशच्या तुलनेत २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी दिसली. फरक खरा आहे, पण जाहिरातीत दाखवतात तसा चमत्कार नाही. गुटखा-तंबाखूचे डाग आणि दातांवर दगडासारखं बसलेलं कीटण कुठल्याच ब्रशने निघत नाही, त्याला डेंटिस्टकडे जाऊन स्केलिंगच करून घ्यावं लागतं.

ज्यांची बोटं सांधेदुखीने आखडली आहेत, हात थरथरतो, दातांना तारा लावल्या आहेत किंवा जे वीस सेकंदांत चूळ भरून मोकळे होतात, त्यांनी मात्र जरूर घ्यावा.

कोणता घ्यायचा?

दोन प्रकार आहेत. एकाचं डोकं लहान आणि गोल असतं, ते मागे-पुढे अर्धवट फिरतं; ओरल-बीचे ब्रश या जातीचे. दुसऱ्याचं डोकं साध्या ब्रशसारखं लांबट, आणि ते फार वेगाने थरथरतं. याला सोनिक म्हणतात, फिलिप्सचा सोनिकेअर हा त्यातला सगळ्यात माहितीतला. दोन्ही चांगले. नव्याने शिकणाऱ्याला मी गोल डोक्याचा सुचवतो, कारण ते एका वेळी एकाच दातावर बसतं आणि हाताला आपोआप शिस्त लागते. आवाज सहन होत नसेल तर सोनिक घ्या.

बघायच्या गोष्टी दोनच: दर तीस सेकंदांनी इशारा देणारा दोन मिनिटांचा टायमर, आणि जास्त दाबलं की लाल दिवा लावणारा किंवा वेग कमी करणारा सेन्सर. ब्लूटूथ, ॲप, पाच-सात मोड यांच्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. सकाळी सात वाजता तोंडात फेस असताना मोबाइलवर आपल्या दातांचा नकाशा बघणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सेलवर चालणारे स्वस्त ब्रशही मोठ्यांनी घेऊ नयेत. सेल उतरत जातो तसा वेग हळूहळू मंदावतो, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

ब्रशच्या किमतीआधी हेडची, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या सुट्या डोक्याची, किंमत बघा, आणि ती आपल्या गावात किंवा ऑनलाइन सहज मिळतात का तेही. हेड तीन महिन्यांनी बदलायचं असतं. एका हेडचे तीनशे रुपये धरले तर चौघांच्या घराला वर्षाला १६ हेड, म्हणजे ४,८०० रुपये. हँडल एकच घेऊन प्रत्येकाचं हेड वेगळं ठेवलं तरी चालतं. ओळखायला हेडच्या बुडाशी रंगीत कडी असते. 'सेम टू सेम' म्हणून मूठभर पैशांत डझनभर विकली जाणारी हेडं मात्र टाळा. चांगल्या ब्रशच्या केसांची टोकं घासून गोल केलेली असतात, नकली हेडमध्ये ती अणकुचीदार राहतात आणि हिरड्या सोलवटतात. शिवाय दांड्यावर ती सैल बसतात.

अमेरिकेतल्या मुलाने किंवा पुतणीने आणलेला ब्रश असेल तर प्लगमध्ये घालायच्या आधी चार्जर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर नुसता पिन बदलणारा अडॅप्टर पुरे. फक्त ११०-१३० असं काही असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो चार्जर जळेल. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही, हे दुकानदारसुद्धा सांगत नाहीत. घरात कुणाला पेसमेकर असेल तर चार्जरचा तळ छातीजवळ नेऊ नये, आणि एकदा त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.

सुरुवात

पहिल्यांदा पूर्ण चार्ज करा. काही ब्रशना रात्रभराहूनही जास्त वेळ लागतो, बिघडला म्हणून परत पाठवू नका. हेड ओलं करा, वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावा, ब्रश तोंडात घाला आणि मगच बटण दाबा. क्रम उलटा केलात तर आरसा पुसत बसाल. बेसिनवर वाका आणि ओठ जवळजवळ मिटलेले ठेवा, नाहीतर फेस कोपरापर्यंत ओघळतो.

हात आवरणे

लहानपणापासून आपला हात एकच गोष्ट शिकला आहे: पुढे-मागे, जोरात. इलेक्ट्रिक ब्रशला त्यातलं काहीच नको असतं. डोकं मिनिटाला हजारो वेळा हलतंय, त्यात तुमच्या हाताने भर पडत नाही, उलट ते बिघडतं. सोनिक ब्रश दाबला की केस वाकून दातावर आडवे पडतात आणि थरथर तिथेच मरते. गोल डोक्याचा दाबला की मोटर अडखळते. दोन्हींत दात कमी साफ होतो आणि हिरडी जास्त खरवडली जाते. हिरडी आणि दात जिथे मिळतात तिथे दाताचं कवच पातळ असतं. वर्षानुवर्षं आडवं घासणाऱ्यांच्या त्या जागी नखाने चाचपल्यावर लागेल अशी खाच पडते, आणि मग थंड पाण्याची कळ मस्तकात जाते. मागे सरकलेली हिरडी आपोआप पुन्हा वर येत नाही. "जोर लावल्याशिवाय दात स्वच्छ होत नाहीत" असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

ही सवय मोडायला मलाही बराच काळ झगडावं लागलं. कळत होतं, पण अर्धवट झोपेत हात आपला जुन्या वळणावर जायचा. ज्याने फरक पडला तेच सांगतो.

ब्रश मुठीत धरू नका. पेनासारखा तीन बोटांत धरा आणि कोपर बरगडीला टेकवून ठेवा. मूठ आली की जोर येतो, कोपर मोकळं सुटलं की अख्खा हात झुलायला लागतो. पहिले काही दिवस रात्री, घाई नसताना, आरशासमोर करा. त्याआधी एकदोनदा बटण न दाबता नुसता हात फिरवून बघा. विचित्र वाटेल, पण सवय तिथेच मोडते.

किती दाबायचं हे शब्दांत सांगून समजत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, त्यावर ब्रशचं डोकं टेकवा आणि आकडा १५० ग्रॅमच्या आसपास येईपर्यंत दाबा. बस, एवढंच. आता तुमच्या नेहमीच्या जोराने दाबून बघा. ज्यांना ज्यांना करायला लावलं त्यातले बहुतेक जण ५०० च्या पुढे गेले आणि काट्याकडे संशयाने बघायला लागले. सेन्सर नसलेल्या ब्रशला कान लावा. मोकळा चालताना त्याचा एक सूर असतो. तो दबका, घोगरा झाला की समजायचं, हात जड झालाय.

आता टेकवायचं कसं. केस अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर येतील असे ठेवा. सोनिकचं डोकं हिरडीकडे साधारण ४५ अंशांत कललेलं हवं. गोल डोकं दाताच्या फुगवट्यावरून हिरडीच्या कमानीपर्यंत न्यायचं. आणि थांबायचं. एक, दोन. मग शेजारच्या दातावर सरकायचं. तीस सेकंदांत एका बाजूच्या एका जबड्याचे सात किंवा आठ दात करायचे असतात, म्हणजे एका दाताला जेमतेम चार सेकंद मिळतात: दोन बाहेरून, दोन आतून, आणि चावायच्या पृष्ठभागावरून जाता जाता. आकडा छोटा वाटतो, पण टेकवून थांबलेला ब्रश दोन सेकंदांत जे करतो ते घासणारा हात दहा सेकंदांत करत नाही.

सुरुवात नेहमी आतल्या बाजूने करा, तीही खालच्या समोरच्या दातांपासून. सगळे जण बाहेरून, हसताना दिसणाऱ्या दातांपासून सुरू करतात आणि आत पोचेपर्यंत कंटाळतात. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, त्या लाळेतल्या क्षारांमुळे नेमकं त्याच दातांच्या मागे कीटण सगळ्यात जास्त साचतं. जिभेचं टोक तिथे फिरवून बघा, खरखरीत लागेल. या दातांसाठी ब्रश आडवा धरून भागत नाही, दांडा उभा करा आणि डोक्याच्या टोकाने एकेक दात घ्या. लाळेचं दुसरं मोठं तोंड गालाच्या आत, वरच्या दाढांसमोर असतं, म्हणून त्या दाढांच्या बाहेरच्या बाजूलाही दोन सेकंद जास्त द्या.

शेवटच्या दाढेच्या मागे पोचण्यासाठी लोक जबडा फाटेस्तोवर वासतात. त्याने गाल ताणला जातो आणि ब्रशला जागाच उरत नाही. तोंड अर्धवट मिटा, खालचा जबडा किंचित त्याच बाजूला सरकवा. गाल सैल पडतो आणि डोकं अलगद मागे जातं. ज्यांना इथे उमासे येतात त्यांनी नाकाने श्वास घ्यावा आणि लहान डोक्याचं हेड वापरावं.

पहिल्या आठवड्यात ओठांना मुंग्या येतील, नाक खाजेल. ते जातं, सोनिकेअरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तर पहिल्या १४ वेळा ताकद हळूहळू वाढवत नेण्याची सोय असते. हिरड्यांतून थोडं रक्तही येऊ शकतं. "रक्त आलं, तिथे घासू नकोस" हा घराघरातला सल्ला उलटा आहे. सुजलेली हिरडी साफ न झाल्यानेच सुजलेली असते, तिथेच हलक्या हाताने रोज टेकवा. दोन आठवड्यांनंतरही रक्त थांबलं नाही तर डेंटिस्टला दाखवा. नुकताच दात काढला असेल किंवा हिरडीचं ऑपरेशन झालं असेल तर त्या जागेपुरतं आधी त्यांना विचारा.

एक पक्की खूण सांगतो. नवं हेड महिनाभरात फुलून बाहेर वळलं असेल तर हेड वाईट नाही, तुम्ही दाबताय.

त्यानंतर

थुंका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका. पेस्टमधलं फ्लोराइड थोडा वेळ दातांवर राहू द्या. जीभ वेगळी साफ करा. दोन दातांच्या फटीत हा ब्रश पोचत नाही, विकणारा काहीही सांगो. तिथे दिवसातून एकदा फ्लॉस (फटीत घालायचा बारीक दोरा) किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश लागतोच, आणि वय वाढलं की फटी मोठ्या होतात म्हणून हा बारीक ब्रश जास्त सोयीचा पडतो. लिंबू सरबत, कोकम किंवा संत्र्यानंतर लगेच ब्रश करू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

या ब्रशवर कोळशाची पावडर, मीठ किंवा खरखरीत दंतमंजन लावू नये. बोटाने घासतानाही ते दाताचं कवच झिजवतं, इथे तर मोटर जोडलेली आहे. मशेरीबद्दल तर बोलायलाच नको; ती भाजलेली तंबाखू आहे, कुठल्याच ब्रशने आणि बोटानेही लावू नये.

मुलांना त्यांच्या वयासाठीचाच ब्रश द्या, खोक्यावर वय लिहिलेलं असतं. सहा-सात वर्षांपर्यंत ब्रश मूल धरू दे, पण फिरवायचा तुम्हीच. मुलांना आवाजाची गंमत वाटते आणि मग ती ब्रश चावायला लागतात.

रोज ब्रश झाल्यावर हेड काढा, नळाखाली धुवा आणि दांड्यावरचा धातूचा खुंटही पुसा. हे न करणाऱ्याने एकदा हेड काढून बुडाशी नाक न्यावं. पेस्ट, लाळ आणि पाणी मिळून तिथे काळा चिकट लगदा जमतो, आणि तोंडात तोच थेंब-थेंब झिरपत असतो. ओल्या हेडवर प्लॅस्टिकची टोपी घालून ठेवू नका. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात तर बाथरूमच्या बंद कपाटातही नको, बुरशी धरते. हेड उभं करून, वारा लागेल असं ठेवा. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर खुंटावर पांढरा थर बसतो, तो आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने काढा.

काही वर्षांनी बॅटरी दम धरेनाशी होते. बहुतेक कंपन्यांच्या हँडलची बॅटरी बदलून मिळत नाही, तेव्हा गल्लीतल्या दुकानात हँडल फोडून घेऊ नका, पुन्हा जोडल्यावर त्यात पाणी शिरतं. जुनं हँडल सुक्या कचऱ्यातही टाकायचं नाही. आत बॅटरी आहे, ते ई-कचऱ्यात जातं.